आधी गाडी, मग कमान

स्टेशनचा कायापालट म्हणजे नेमकं काय? नवी कमान, नवा रंग, रात्रीची रोषणाई, सरकता जिना आणि उद्घाटनाची पाटी. एवढं झालं की फोटो निघतात आणि विषय संपतो.

पाटीवर नाव कोणाचं? फीत कापणाऱ्याचं. रूळ टाकणाऱ्यांचं नाव शोधायला गेलात तर हात हलवत परत याल.

'अमृत भारत' योजनेत देशभरातली तेराशेहून जास्त स्टेशनं आहेत. ६ ऑगस्ट २०२३ रोजी त्यातल्या ५०८ स्टेशनांच्या कामांची पायाभरणी एकाच दिवशी उरकली. सोलापूर, पंढरपूर, कुर्डुवाडी ही आपली नावंही योजनेच्या यादीत आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. फलाटावर सावली हवी, म्हाताऱ्या माणसांना लिफ्ट हवी, बायकांना स्वच्छ स्वच्छतागृह हवं. हा सगळा थाटमाट आहे असं ज्याला वाटतं, त्याने एप्रिलच्या दुपारी सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही फलाटावर दोन तास बसून दाखवावं.

तक्रार सुविधांबद्दल नाही. तक्रार विसराळूपणाबद्दल आहे.

यादीतल्या तीन नावांपैकी एकाला जगाच्या रेल्वे-इतिहासात स्थान आहे. परदेशातले रेल्वेवेडे त्याचे नकाशे जपून ठेवतात. आपण तिथे फक्त गाडी बदलतो.

कुर्डुवाडी.

मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जीआयपी) कंपनीची लाइन १८६० मध्ये सोलापूरला पोहोचली. वाटेत माढा तालुक्यात कुर्डुवाडीला एक स्टेशन झालं. त्याचं नाव पडलं 'बार्शी रोड'. बार्शी तिथून तब्बल एकवीस मैल लांब. तरी नाव बार्शीचं, कारण व्यापार बार्शीचा होता. कुर्डुवाडी तेव्हा वाडीच होती.

बालाघाटावरचा, निजामाच्या मुलखातला कापूस आणि तेलबिया बार्शीच्या पेठेत उतरत. तिथून स्टेशनापर्यंत बैलगाड्या. रेल्वे आली, पण बार्शीला चुकवून गेली. पेठ एकीकडे, रूळ दुसरीकडे. मधल्या एकवीस मैलांचं काय, हा प्रश्न पुढची पस्तीसहून जास्त वर्षं तसाच लोंबकळत राहिला.

तो सोडवला एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने. १८८२ मध्ये तो जीआयपीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. बार्शीच्या वाटेवरच्या बैलगाड्यांच्या रांगांमध्ये त्याला धंदा दिसला. नोकरी सोडून त्याने स्वतःचा प्रकल्प मांडला. १८९५ मध्ये लंडनमध्ये 'बार्शी लाइट रेल्वे कंपनी' उभी राहिली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला गाडी धावली.

रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट.

अडीच फुटी गाडी म्हणजे खेळणं, अशी तेव्हाच्या बड्या इंजिनिअरांची समजूत होती. कॅलथ्रॉपचं गणित वेगळं होतं. कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, मग तो आस इंजिनाचा असो, डब्याचा असो की वाघिणीचा. भार सारखा वाटला की हलके, स्वस्त रूळ पुरतात. त्याच हलक्या रुळांवर लांबलचक डबे आणि भरपूर माल नेता येतो. लीड्सच्या किट्सन कंपनीने इंजिनं बांधली. गाड्या बोटीत चढवण्याआधी लीड्सजवळच रूळ टाकून त्यांचं प्रात्यक्षिक झालं. जाणकार मुद्दाम बघायला आले.

म्हणजे इंग्लंडमधल्या इंजिनिअरांनी माना डोलावल्या त्या बार्शीच्या गाडीला. आणि बार्शीतल्या शाळकरी मुलाला आज हे कोणी सांगत नाही.

याच कॅलथ्रॉपचं आणखी एक काम सांगायलाच हवं. १९१० मध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, म्हणजे रोल्स-रॉईसमधला रोल्स, विमान अपघातात गेला. त्यानंतर कॅलथ्रॉप वैमानिकांना वाचवणाऱ्या हवाई छत्रीच्या मागे लागला. त्याने बनवलेल्या पॅराशूटचं नाव होतं 'गार्डियन एंजल'. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वरिष्ठांनी ते आपल्या लढाऊ वैमानिकांना दिलं नाही. पोरं जळत्या विमानांसकट खाली कोसळत राहिली. साधन हाताशी असताना माणसं मरतात, कारण निर्णय घेणारा विमानात बसलेला नसतो.

कुर्डुवाडीला परत येऊ.

१९०६ मध्ये लाइन पंढरपूरला पोहोचली. तोवर रेल्वेने येणारा वारकरी बार्शी रोडला उतरून पुढे बैलगाडीने किंवा पायी जायचा. आता गाडी थेट चंद्रभागेच्या गावात नेऊ लागली. कंपनीला आषाढी-कार्तिकीत सोन्याची खाण सापडली. गर्दी एवढी की जत्रेच्या दिवसांत मालाच्या वाघिणींतूनही यात्रेकरू नेले जात. तिकिटाचे पैसे माणसाचे, जागा पोत्याची.

हा भागही इतिहासाच्या पाटीवर यायला हवा. वारसा म्हटलं की आपल्याला फक्त पितळी दिवे आणि धुराचे फोटो आठवतात. पोत्यांच्या जागी कोंबलेले वारकरी का आठवत नाहीत?

१९११ मध्ये पूर्वेला लातूर जोडलं गेलं आणि १९२७ मध्ये दुसऱ्या टोकाला मिरज. एकूण ३२५ किलोमीटर. एका टोकाला कृष्णाकाठ, दुसऱ्या टोकाला मराठवाडा, मध्ये विठोबा. सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठेमहांकाळ ही दुष्काळी पट्ट्यातली नावं एकाच रुळावर ओवली गेली. दुसऱ्या बाजूला पांगरी, येडशी, ढोकी, मुरूड.

मुख्य कचेरी मात्र लंडनलाच. हमाली आपली, लाभांश त्यांचा. १ जानेवारी १९५४ रोजी भारत सरकारने कंपनी विकत घेतली, तेव्हा कुठे बार्शीची रेल्वे बार्शीकरांच्या देशाची झाली.

आणि कुर्डुवाडी? हे गाव गाडीने घडवलं, असं म्हणणं पुरेसं नाही. ते घडवलं दोन गाड्यांच्या न जुळणाऱ्या मापांनी. मोठ्या लाइनची रुंदी साडेपाच फूट, छोटीची अडीच. लातूरहून आलेलं प्रत्येक पोतं इथे उतरवायचं, पाठीवर घ्यायचं आणि मोठ्या वाघिणीत चढवायचं. प्रत्येक प्रवाशाने इथे उतरायचं, थांबायचं, चहा प्यायचा, पुढची गाडी पकडायची. हमाल, चहावाले, खानावळी, फिटर, फायरमन, गार्ड, त्यांची बिऱ्हाडं, त्यांच्या पोरांच्या शाळा. आणि या सगळ्याच्या मधोमध वर्कशॉप.

या वर्कशॉपबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. छोट्या लाइनची इंजिनं आणि डबे इथे उघडले जात, दुरुस्त होत, पुन्हा उभे राहत. माथेरानच्या गाडीचे डबेही दुरुस्तीसाठी इथे येत. माथेरानला फिरायला जाणारे मुंबईकर ज्या डब्यात बसून फोटो काढत, त्याच्या चाकांना कुर्डुवाडीच्या कारागिराचा हात लागलेला असे. त्या कारागिराचा फोटो कोणी काढला?

मुंबईकरांना माथेरान माहीत आहे, कुर्डुवाडी नाही. यात नवल नाही. सोलापूरकरांनाही माहीत नसावं, हे मात्र खटकतं.

आता गेज बदलाची गोष्ट. या शतकाच्या सुरुवातीला कुर्डुवाडी-पंढरपूर ब्रॉडगेज झालं. २००८ मध्ये लातूरची बाजू पुरी झाली, त्यानंतर मिरजेची. एकशे दहा वर्षांचे अडीच फुटी रूळ उपटले गेले.

रडायचं का? नाही. बिलकूल नाही.

छोटी गाडी रेंगाळत जायची, हे ज्यांनी तिच्यातून प्रवास केला ते सगळे सांगतील. लातूरच्या व्यापाऱ्याला मुंबईला थेट माल पाठवायचा होता. मराठवाड्यातल्या पोराला रात्री गाडीत बसून सकाळी मुंबईत उतरायचं होतं. जुन्या लाइनने ज्याला बाजूला टाकलं होतं, त्या उस्मानाबाद शहराला, आजच्या धाराशिवला, नव्या लाइनने स्टेशन दिलं. वारशाच्या नावाखाली या लोकांना रेंगाळत्या गाडीत बसवून ठेवायचा हक्क कोणालाच नव्हता. ज्यांना रोज प्रवास करायचा नसतो, त्यांनाच जुन्या गाडीची फार हौस असते.

पण रूळ उपटणं आणि आठवण उपटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गरजेची होती. दुसरी कोणी सांगितली होती?

त्याच २००८ मध्ये कालका-सिमला रेल्वे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. तिचं गेज किती? अडीच फूट. तंतोतंत बार्शीचं माप. शिवाय ती बार्शीच्या गाडीनंतर सुरू झालेली. तिला डोंगर मिळाला, देवदार मिळाले, साहेबांची उन्हाळी राजधानी मिळाली. बार्शीला ज्वारीची शेतं मिळाली. वारसा ठरवणाऱ्यांच्या नजरेत देखावा आधी येतो, काम नंतर.

आणि या लाइनने केलेलं काम बघायचं असेल तर फार मागे जायला नको. एप्रिल २०१६ आठवा.

लातूर कोरडं पडलं होतं. मांजरा धरणात पाणी नव्हतं. नळाला पाणी येऊन किती दिवस झाले हे मोजणं लोकांनी सोडून दिलं होतं. तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. ११ एप्रिलला निघाली आणि १२ तारखेला पहाटे लातूरला लागली. नंतरच्या गाड्या पन्नास टाक्यांच्या झाल्या. देशभरातल्या कॅमेऱ्यांनी ती गाडी दाखवली. ती कोणत्या वाटेने आली, हे किती जणांनी सांगितलं?

मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. १८९७ पासून तुकड्या-तुकड्याने जुळत गेलेली जवळजवळ तीच वाट, टोकापासून टोकापर्यंत. कृष्णाकाठचं पाणी मराठवाड्यात गेलं ते कॅलथ्रॉपने सुरू केलेल्या आणि पुढे रुंद झालेल्या याच रेषेवरून. ही रेषा नसती तर गाडी कुठून आणली असती?

एवढी मोठी गोष्ट या मार्गावर घडली. तिची कायमची नोंद मिरज, कुर्डुवाडी आणि लातूर या तिन्ही फलाटांवर ठळक असायला हवी. पाणी आणणाऱ्या कामगारांच्या नावांसकट. नुसती मंत्र्यांची चालणार नाहीत.

आणखी एक जागा. या लाइनवर 'कळंब रोड' नावाचं छोटं स्टेशन आहे, गाव कसबे तडवळे. फेब्रुवारी १९४१ मध्ये तिथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. वतनाच्या जोखडाखाली दबलेल्या माणसांनी आपलं म्हणणं मांडलं ते या आडगावात. तडवळ्याच्या लोकांनी ती आठवण आपल्या परीने जपली आहे. फलाटावर उतरणाऱ्याला ती पहिल्या मिनिटात कळायला हवी. त्याला किती खर्च येतो? एका फलकाचा.

एका फलकाचा खर्च जमत नाही आणि दर्शनी भिंतीच्या दगडी मुलाम्याला मात्र पैसे असतात.

स्टेशनं नवी करताना स्थानिक संस्कृती दिसली पाहिजे, असं योजनेतच म्हटलं आहे. छान. पण स्थानिक संस्कृती म्हणजे मंदिराच्या शिखराचा आकार आणि भिंतीवरची नऊवारीतली बाई, एवढीच आहे का? कुर्डुवाडीची संस्कृती तेलकट हातांची आहे. लोखंडाची आहे. पाठीवरच्या पोत्यांची आहे. ती भिंतीवर आली तर स्टेशन कुर्डुवाडीचं वाटेल. नाहीतर ते कुठलंही स्टेशन असेल, फक्त नाव बदललेलं.

विदर्भातलं मूर्तिजापूर बघा. २२ मे २०२५ रोजी देशभरातल्या १०३ नव्या रूपातल्या स्टेशनांचं उद्घाटन झालं, त्यात मूर्तिजापूरही होतं. याच जंक्शनवरून एका बाजूला यवतमाळला आणि दुसऱ्या बाजूला अचलपूरला 'शकुंतला' जायची. तीही अडीच फुटी, तीही कापसासाठी जन्मलेली, तीही इंग्रज कंपनीची. स्टेशन चकचकीत झालं. शकुंतला बंद आहे. गावोगावचे लोक वर्षानुवर्षं निवेदनं देत आहेत की आमची गाडी सुरू करा, ब्रॉडगेज करा, काहीही करा.

स्टेशनाला नवं तोंड मिळालं, पण ज्या गाडीने त्याला जंक्शन केलं तीच तिथे येत नाही. याला पुनरुज्जीवन म्हणायचं?

उलट माथेरान. २०१९ च्या पावसात त्या लाइनची दुर्दशा झाली. आता ही गाडी संपली, असं अनेकांनी म्हणून टाकलं. रूळ दुरुस्त झाले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये नेरळहून वर गाडी पुन्हा निघाली. तिथे आधी रूळ, आधी गाडी. स्टेशनाची रंगरंगोटी त्यानंतर. क्रम असा असतो.

कुर्डुवाडीत लाइन आहे आणि ती चालू आहे. म्हणजे अर्धं काम झालेलं आहे. मग हट्ट कशाचा धरायचा? बार्शी आणि पंढरपूरच्या लोकांना सकाळी कामावर नेणारी आणि संध्याकाळी घरी आणणारी गाडी असावी, तिची वेळ मुंबईच्या गाड्यांशी जुळावी, हा. कुर्डुवाडीला उतरलेल्या माणसाला पुढची गाडी मिळावी, नुसतं पुढच्या गाडीचं वेळापत्रक नको. आषाढीला जादा गाड्या सुटतात तेव्हा छोट्या स्टेशनांवरच्या वारकऱ्याला त्यात चढता यावं. शंभर वर्षांपूर्वी त्याला वाघिणीत कोंबलं. आज निदान दारात लोंबकळायला लावू नका.

या मागण्या वारशाच्या नाहीत, असं कोणी म्हणेल. याच वारशाच्या आहेत. कॅलथ्रॉपने स्टेशन सजवायला लाइन टाकली नव्हती. एकवीस मैल चालणाऱ्या बैलांचा आणि माणसांचा प्रश्न सोडवायला टाकली होती.

गाडीनंतर आठवण. स्टेशनात एक खोली द्या. फार मोठी नको. भिंतीवर ३२५ किलोमीटरचा नकाशा, सगळ्या थांब्यांसकट. जुन्या रुळाचा एक तुकडा आणि शेजारी आजच्या रुळाचा, म्हणजे हलका रूळ म्हणजे काय ते पोरांना हात लावून कळेल. वर्कशॉपची अवजारं. पाण्याच्या गाडीचे फोटो. आणि एक खुर्ची, जिच्यावर बसून निवृत्त फिटर आठवड्यातून एकदा शाळेच्या मुलांशी बोलेल. यातलं काय अवघड आहे? काय महाग आहे?

रेल्वेने जुनं सामान भंगारात काढताना एकदा तरी विचारावं, हे गावाला हवं आहे का? पितळी टोकन, हातातले दिवे, नावांचे जुने फलक हे सगळं किलोच्या भावाने जातं. पुढे मोठ्या शहरांतल्या हॉटेलात तेच शोभेला टांगलेलं असतं आणि लोक त्याखाली बसून कॉफी पितात. कुर्डुवाडीचा फलक कुर्डुवाडीत राहावा, ही फार मोठी मागणी आहे का?

आणि सगळा दोष रेल्वेवर ढकलून आपण मोकळे होतो, तेही बरोबर नाही. जिल्ह्यात विद्यापीठ आहे, महाविद्यालयं आहेत, नगरपालिका आहेत, वाचनालयं आहेत. बार्शी लाइटवर इंग्रजीत इंग्रजांनी लिहिलं. मराठीत वर्कशॉपच्या माणसांच्या तोंडून ती गोष्ट किती लिहून झाली? इतिहासाच्या पोरांना दरवर्षी प्रकल्प द्यायचेच असतात. एखादी तुकडी कुर्डुवाडीच्या रेल्वे वसाहतीत पाठवायला कोणाची परवानगी लागते?

वेळ मात्र कमी आहे. सरकारने १९५४ मध्ये कंपनी घेतली तेव्हा विशीत असलेला कामगार आज हयात असेल तर नव्वदीच्या पुढे आहे. वाफेच्या इंजिनात कोळसा टाकलेले हातही आता थकले आहेत. या माणसांकडे कंपनीच्या साहेबाचा दरारा आहे, संपाच्या आठवणी आहेत, आषाढीच्या रात्रपाळ्या आहेत, बहात्तरच्या दुष्काळातली धान्याची पोती आहेत. यातलं बरंचसं कागदावर कुठेही नाही.

म्हणून सोलापूर, बार्शी, पंढरपूर, धाराशिव, लातूर, मिरज इथल्या वाचकांना सांगणं आहे. तुमच्या घरात छोट्या लाइनचं तिकीट, पास, नेमणुकीचं पत्र, डब्यासमोरचा लग्नाच्या वऱ्हाडाचा फोटो असेल तर त्याची प्रत काढा आणि गावच्या वाचनालयात द्या. मूळ कागद स्वतःकडेच ठेवा. घरात आजोबा असतील, शेजारी निवृत्त गार्ड असतील, तर त्यांच्यासमोर मोबाइल ठेवा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि पहिला प्रश्न विचारा की तुमची पहिली पाळी कुठे लागली होती. येत्या रविवारीच विचारा.